मुरगाव वगळून गोव्यात व्यापारी बंदराची जागा शोधायची तर पाहणी कशी करावी?

काणकोणचा सिव्हिलवाला:

नमस्कार मंडळी. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज फोंड्याकडे, घर काणकोणात. आमच्या गटाला प्रकल्प मिळालाय तो असा: तेरेखोलपासून पोळेपर्यंतचा किनारा तपासायचा, मुरगाव सोडून सर्वसाधारण मालाच्या व्यापारी बंदरासाठी एक जागा सुचवायची आणि तिथं सविस्तर पाहणी कशी करावी त्याचा आराखडा द्यायचा. बंदर व्हावं की होऊ नये हे आम्हाला विचारलेलं नाही. जागा कशी निवडतात ते दाखवायचं आहे, आणि मला ते मनापासून शिकायचं आहे.

आतापर्यंत नौकानयनाचा नकाशा आणि उपग्रहचित्रं समोर ठेवून पाच निकषांवर गुण दिले. खोलीला ३०, लाटांपासूनच्या निवाऱ्याला २०, रस्ता-रेल्वेला २०, मागच्या जमिनीला १५ आणि पर्यावरणाला १५. जहाज १२ मीटर ड्राफ्टचं (म्हणजे पाण्याखाली १२ मीटर बुडणारं), साधारण ३२ मीटर रुंदीचं धरलंय. या हिशोबात काब द रामची दक्षिण बाजू पहिली आली, कारण तिथं खोल पाणी किनाऱ्याच्या जवळ आहे. दुसरी जागा बेतुल.

जानेवारीत कॉलेजचा एको साउंडर (आवाजानं खोली मोजणारं यंत्र) आणि जीपीएस घेऊन, भाड्याची होडी करून दोन्हीकडे खोली मोजायचा बेत आहे. परवा काब द रामच्या किल्ल्यावरून पाहिलं, दक्षिणेकडचं पाणी एकदम शांत होतं. होडीनं काम सहज होईल असं वाटतं.

एवढी पाहणी पुरेल का? कशाच्या आधी काय मोजायचं? आणि गुणांची वाटणी तुम्हाला योग्य वाटते का?

आगोंदकरीण:

गुणांच्या वाटणीबद्दल सांगते, कारण मला तीच खटकली. पर्यावरणाला १५ गुण म्हणजे तिथं शून्य मिळवूनही बाकीच्या ८५ वर एखादी जागा पहिली येऊ शकते. कायद्यात तसं चालत नाही. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांची विणीची जागा, खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या हे सगळं १ अ वर्गात येतं आणि तिथं व्यापारी बंदर बसतच नाही. म्हणून आधी चाळणी लावा. जी जागा चाळणीतून खाली पडली तिला गुण देऊच नका.

गोव्यात ऑलिव्ह रिडले कासवं मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथं अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च. तुम्ही पहिली धरलेली जागा कुठे आहे बघा: काब द रामच्या दक्षिणेला खोला, आणि खोल्याच्या खाली लगेच आमचं आगोंद. बंदराची भिंत आगोंदच्या वाळूवर उभी राहिली नाही तरी वरच्या बाजूला भिंत घातल्यावर खालच्या वाळूचं काय होईल, याचं उत्तर तुमच्या तक्त्यात कुठेच नाही. कासवाला उतार हवा, मऊ कोरडी वाळू हवी, आणि रात्री अंधार हवा. बंदराचे दिवे रात्रभर जळतात.

आणखी एक. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे वर्षाला ५० लाख टन किंवा त्याहून जास्त माल हाताळणारं बंदर मंजुरीसाठी थेट केंद्राकडे जातं, त्यात जनसुनावणी असते. आराखड्यात गावाशी बोलायचा टप्पा शेवटी ठेवू नका. जानेवारीत होडी घेऊन आलात तर आधी आगोंदच्या आणि खोल्याच्या लोकांना सांगून या. किनाऱ्यासमोर अनोळखी होडी रेघा मारत फिरायला लागली की गावात काय वाटतं ते तू काणकोणचाच असल्यामुळे तुला माहीत असेल.

सड्यावरून:

बाळा, जानेवारीतली पाहणी पुरणार नाही. हे पहिल्यांदा सांगतो, कारण बाकीचं सगळं इथूनच निघतं. मी आयुष्यभर बंदरांच्या सर्व्हेत काम केलं, रत्नागिरीपासून कारवारपर्यंत खोल्या घेतल्या. आता निवृत्त आहे, घर मुरगावच्या सड्यावर आहे आणि झुआरीचं तोंड रोज बघतो. थोडं लांब लिहितो, वाचून घे.

तू काब द रामची दक्षिण बाजू शांत पाहिलीस, बरोबर पाहिलंस. पण ती का शांत आहे? पाऊस गेल्यावर मे महिन्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा वारा वायव्येकडून येतो. काब द रामचं नाक समुद्रात शिरलेलं, म्हणून त्याच्या दक्षिणेला वायव्येच्या वाऱ्याचा आडोसा मिळतो. जूनमध्ये वारा आणि लाट दोन्ही पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतात. तेव्हा तीच बाजू तोंडावर उघडी पडते. खुल्या समुद्रात त्या दिवसांत तीन-चार मीटरची लाट नेहमीची, वादळात त्याहून मोठी. खोल पाणी किनाऱ्याजवळ असल्याचा तुला आनंद झालाय, पण लाटेलाही त्याच खोल पाण्यातून यायचं असतं. उथळ किनाऱ्यावर ती लांबवरच फुटून दमते, खडकाळ नाकापाशी पुऱ्या जोरानं येऊन आदळते.

आता मुरगाव बघ. बंदर नाकाच्या उत्तर बाजूला आहे. नैर्ऋत्येची लाट नाकावर फुटते, वळून जी आत येते तिच्यासाठी नाकाला जोडून भिंत घातलेली आहे. पोर्तुगीज अमदानीत १८८० च्या दशकात रेल्वे आणि बंदर एकत्र बांधायला घेतलं तेव्हा राजधानी पणजी होती, मांडवीसारखी नदी दाराशी होती, तरी जागा मुरगावची निवडली. कारण पाऊस लागला की आग्वादच्या तोंडावर वाळूचा दांडा असा उसळतो की मांडवीत जहाजाला शिरता येत नाही. खनिजाच्या भरभराटीतसुद्धा पावसाळ्यात बार्जेस आग्वादवरून बाहेर पडत नसत, कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत येऊन मुरगाव गाठत. साडेतीनशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांनी राजधानीच मुरगावला हलवायचा विचार केला होता. पावसाळ्यात उघडी राहणारी जागा कुठली, हे आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं माहीत असलेलं ज्ञान आहे.

म्हणून माझ्या लेखी निवारा पहिला, खोली दुसरी. खोली खणून मिळते. निवारा बांधायचा तर दगडाची भिंत हवी, आणि पाण्याची खोली दुप्पट झाली की त्या भिंतीच्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ चौपट होतं. काब द रामला भिंत खोल पाण्यातच पडणार. खोलीत वाचवलेले पैसे दगडात जातील आणि वर आणखी लागतील.

तरी खणून मिळते म्हटलं त्यातही भेद आहे. एकदा खणणं वेगळं, दरवर्षी खणणं वेगळं. मुरगावच्या जलमार्गाची खोली साधारण १४ मीटरवर राखलेली आहे आणि ती टिकवायला गाळ उपसावा लागतो, कारण पावसात झुआरी आणि समुद्र दोघंही गाळ आणून टाकतात. जागा निवडताना विचारायचा प्रश्न असा: इथे खणलेला खड्डा पुढच्या सप्टेंबरात किती उरेल? याचं उत्तर जानेवारीचा एको साउंडर देऊ शकत नाही. पाऊस संपल्या संपल्या त्याच रेघांवर पुन्हा खोली घ्यावी लागते आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून फरक काढावा लागतो. मी ज्या पाहण्या मनापासून मान्य करतो त्या सगळ्या वर्षभराच्या आहेत.

वाळूचंही तसंच. बाईंनी आगोंदबद्दल विचारलं तो प्रश्न खरा आहे. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेतात, पाऊस गेल्यावर मंद लाटा ती हळूहळू परत आणतात. शिवाय वाळू किनाऱ्याला समांतरही चालते, एका ऋतूत एकीकडे, दुसऱ्या ऋतूत उलट. वर्षाची वजाबाकी केली तर आकडा लहान येतो आणि लोक अहवालात लिहितात की इथे वाळू फारशी हलत नाही. ते चुकीचं आहे. जाणारी आणि येणारी दोन्ही वाळू मोठी असते, आणि भिंत दोघींनाही अडवते. कांदोळीला २००० च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस जहाज रुतलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथंच राहिलं. कोणी न आखता तिथं एक भिंत उभी राहिली होती. त्याच्या आड वाळू साठली आणि शेजारच्या किनाऱ्याची धूप झाली. बेतुलला भिंत घालशील तेव्हा उत्तरेला मोबोरपासून वेळसावपर्यंत पसरलेला सलग वाळूचा किनारा डोळ्यापुढे ठेव.

आता मोजण्याकडे येतो. पहिलं काम भरती-ओहोटीचं, खोलीचं नंतर. नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून असते, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. मोठ्या भरतीच्या दिवसांत मुरगावला चढउतार साधारण दोन मीटरचा. त्या दोन मीटरचा हिशोब चुकला तर १२ मीटर ड्राफ्टच्या जहाजाच्या तळाखालचा सगळा मोकळा फरक गेला. मुरगावच्या तक्त्यातली वेळ बेतुलला साळ नदीच्या आत जशीच्या तशी लावू नकोस. तोंडावर दांडा आहे, नदी अरुंद आहे, पाणी उशिरा चढतं आणि कमी चढतं. निदान एक महिनाभर नोंद घेतलीस तर त्या जागेची भरती समजते.

मग एको साउंडर. आवाज पाण्यात सेकंदाला १५०० मीटर जातो असं पुस्तकात असतं आणि यंत्र बहुतेक वेळा त्यावरच ठेवलेलं असतं. आपल्या समुद्राचं पाणी २८ अंशांवर, पूर्ण खारट, त्यात आवाज १५४० च्या आसपास जातो. यंत्र १५०० वर ठेवलंस तर १५ मीटर पाणी जवळजवळ ४० सेंटीमीटर कमी दिसेल. पावसात नदीच्या तोंडी वर गोडं पाणी तरंगत असतं, त्यात वेग पुन्हा १५०० कडे उतरतो, म्हणजे एकाच जागी वर एक वेग आणि खाली दुसरा. यासाठी रोज काम सुरू करताना आणि संपवताना बार चेक करायचा: लोखंडी पट्टी मोजलेल्या साखळ्यांनी ट्रान्सड्युसरच्या (यंत्राच्या आवाज सोडणाऱ्या भागाच्या) खाली दोन मीटर, चार मीटर, सहा मीटर अशी उतरवायची आणि यंत्र तेच आकडे दाखवतं का ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे. पण ज्यानं बार चेक टाळला त्याचा नकाशा मी हातात धरत नाही.

रेघा किनाऱ्याला काटकोनात घे आणि त्यांना छेदणाऱ्या काही रेघा आडव्या घे. जिथं दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथं दोन्ही खोल्या जुळल्या पाहिजेत. न जुळल्या तर भरतीची दुरुस्ती किंवा वेग, यातलं काहीतरी बिघडलंय.

नदीच्या तोंडी एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र फसवतं. तळाशी पातळ चिखल असतो, पाण्याहून थोडासा जड. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्या चिखलाच्या वरच्या थरावरून परततो, ३३ किलोहर्ट्झचा त्यातून आत घुसून घट्ट तळापर्यंत जातो. दोन्ही एकाच वेळी घेतले की मधलं अंतर म्हणजे चिखलाची जाडी. तुमच्या कॉलेजचं यंत्र कुठल्या फ्रिक्वेन्सीचं आहे ते आधी बघ.

बोअरबद्दल, म्हणजे थर बघायला तळात पाडतात त्या भोकाबद्दल, एकच सांगतो, कारण गोव्यात हे वारंवार घडतं. जांभ्याचा कठीण थर लागला की खडक लागला असं लिहून यंत्र उचलतात. जांभ्याचं कवच कठीण असतं, त्याच्या खाली पुष्कळदा मऊ चिकणमाती असते, आणि खरा खडक त्याच्याही खाली. धक्क्याचे खांब कवचावर टेकवले तर कवच फुटून खाली जातील. उलट गाळ समजून ठेका दिला आणि कठीण जांभा निघाला तर खणण्याचा खर्च कैक पटींनी वाढतो. बोअर कवच भेदून खाली न्यायचाच.

आणि यंत्रं काढायच्या आधी रापणकारांकडे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांकडे जा. रापण ओढणाऱ्याला तळाचा नकाशा पाठ असतो. जाळं कुठे अडकतं विचार: तिथं खडक आहे. कुठे चिखल येतो विचार. कुठल्या महिन्यात कुठला दांडा चढतो विचार. त्यांनी दाखवलेल्या खडकांवर नंतर साइड स्कॅन (आवाजानं तळाचं चित्र काढणारं यंत्र) नेला आणि ते तिथंच सापडले, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्यांची पोटं याच पाण्यावर आहेत, म्हणून विचारताना आपण कशासाठी विचारतो ते खरं सांगायचं.

टगवरचा:

सड्यावरच्या काकांनी तळाचं सांगितलं, मी वरचं सांगतो. टगवर काम करतो, जहाजं धक्क्याला लावतो.

सव्वादोनशे मीटरचं जहाज वळवायला आत निदान साडेचारशे मीटर व्यासाचं मोकळं, खणलेलं पाणी लागतं, म्हणजे लांबीच्या दुप्पट. नकाशावर ते वर्तुळ काढून बघ, बेतुलच्या तोंडात मावतं का. शिवाय जहाज जलमार्गातून आत येताना वेग ठेवूनच येतं, नाहीतर सुकाण ऐकत नाही, आणि मग थांबायलाही अंतर लागतं. ते अंतर भिंतीच्या आड, शांत पाण्यात मिळालं पाहिजे, कारण टगला बाहेरच्या लाटेत दोर धरता येत नाही.

१२ मीटर ड्राफ्टला १३ मीटर खणलं की झालं असं समजू नका. ३२ मीटर रुंदीचं जहाज लाटेवर फक्त तीन अंश कललं तरी त्याची एक कड ८० सेंटीमीटरांहून जास्त खाली जाते. त्यात लाटेवरची खालीवर उडी, आणि उथळ पाण्यात वेगामुळे जहाज थोडं बसतं तेही धरा. भिंतीच्या आतल्या खोलीपेक्षा बाहेरच्या मार्गाची खोली जास्त लागते ती म्हणून. तुमच्या आराखड्यात दोन्ही खोल्या वेगळ्या दाखवा.

मडगावचा मालवाहतूकदार:

मी थोडा वेगळा बोलतो. तुम्ही सगळे समुद्राकडून सुरुवात करताय. मी मालाकडून करीन. कुठला माल, किती, कुठून येणार आणि कुठे जाणार हे ठरल्याशिवाय जहाजाचा आकार ठरत नाही, आणि जहाज ठरल्याशिवाय खोली ठरत नाही. १२ मीटर ड्राफ्ट तुम्ही कशावरून धरला?

गोव्यानं एकाच मालावर उभं राहण्याचे परिणाम भोगले आहेत. २०१२ मध्ये खनिज थांबलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केले, आणि बार्जवाले, ट्रकवाले, गॅरेजवाले, कुडचडे-सावर्ड्यापर्यंतची सगळी माणसं रिकामी बसली. मी त्या लोकांबरोबर धंदा केला आहे, ते दिवस मला विसरता येत नाहीत. नव्या बंदराचा हिशोब एका मालावर बांधू नका.

सर्वसाधारण माल म्हणाल तर गोव्याचा स्वतःचा वापर लहान. माल उत्तर कर्नाटकातून यायला हवा, आणि मध्ये घाट आहे. लोंढ्याहून खाली येणारी रेल्वे ब्रागांझा घाटात ३७ ला १ अशा उतारावर चालते, चढताना मालगाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तिनाईघाट ते कॅरंझोळ या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये रद्द केली. म्हणजे त्या वाटेची क्षमता वाढेल असं धरून चालता येणार नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून आहे, बेतुलला बाळ्ळी स्थानक जवळ पडतं. काब द रामला मात्र मागे डोंगर, रस्ता अरुंद, आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ काणकोणात उतरतो तो करमल घाटातून. ट्रकनं तो घाट पावसात चढून बघा.

जमिनीला तुम्ही १५ गुण दिलेत. महाराष्ट्रातल्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली त्यात १,४४८ हेक्टर जमीन समुद्रात भर घालून करायची आहे. किनाऱ्यावर वस्ती, वाड्या, मासेमारी असेल तर बंदराला मागची जमीन मिळत नाही, हा प्रश्न गोव्यात आणखी कठीण. कुळागर (माड-सुपारीची बाग) असो नाहीतर खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन), प्रत्येक तुकड्याला माणूस आहे. ही जमीन कोणाची आणि ती देतील का, हे सर्व्हेच्या पहिल्याच पानावर यायला हवं.

काणकोणचा सिव्हिलवाला:

सगळ्यांचे खूप आभार. गटात बसून सगळं वाचलं. ताईंच्या सांगण्याप्रमाणे आधी चाळणी लावली आणि आगोंदच्या इतकं जवळ असल्यामुळे काब द रामची दक्षिण बाजू काढून टाकली. लाटांच्या दिशेचा मुद्दा तर आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. मालाचा तक्ता नव्यानं करतोय, जहाजाचा आकार त्यानंतरच ठरवू. वर्तुळ काढून पाहिलं, बेतुलच्या तोंडात मावत नाही, म्हणजे जे काही होईल ते बाहेर, बेतुलच्या टेकडीच्या उत्तरेला.

सड्यावरच्या काकांना दोन प्रश्न. वर्षभराच्या लाटांची नोंद आमच्यासारख्यांनी कुठून आणायची? आणि आमच्याकडे फक्त जानेवारी आहे, परीक्षा एप्रिलमध्ये. मग होडीचं काम करावं की सोडूनच द्यावं?

सड्यावरून:

काम सोडू नकोस. जानेवारीत जे मोजता येतं ते चोख मोज, आणि जे मोजता येत नाही ते आराखड्यात स्पष्ट लिही: कुठलं यंत्र, कुठे, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत. तुमच्या गुरुजींनी आराखडाच मागितला आहे.

लाटांसाठी दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासून. आपल्या किनाऱ्यावरच्या लाटा, प्रवाह आणि गाळ यांवर तिथल्या लोकांनी पुष्कळ संशोधन केलं आहे, त्यांचे प्रसिद्ध झालेले निबंध वाच. कॉलेजचं पत्र घेऊन ग्रंथालयात जा. भारतीय मानक ४६५१ चा पहिला भाग बंदराच्या जागेच्या तपासणीवर आहे, तो आराखड्याचा सांगाडा म्हणून वापर. प्रत्यक्ष प्रकल्प असता तर पाण्यात लाटमापी बोया वर्षभर ठेवला असता, त्यात सगळा पावसाळा आला पाहिजे, आणि ते आकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडे मॉडेलसाठी गेले असते. ती संस्था १९१६ पासूनची आहे, देशातल्या कितीतरी बंदरांच्या भिंती तिथल्या हौदांत आधी उभ्या राहिल्या. आराखड्यात हा टप्पा घाल आणि मॉडेलला कुठले प्रश्न विचारायचे ते लिही: भिंतीच्या आत लाट अर्ध्या मीटरच्या खाली राहते का, मोबोरच्या टोकाची वाळू कुठे जाते, खणलेल्या मार्गात वर्षाला किती गाळ बसतो.

टेकडीच्या उत्तरेचा विचार योग्य दिशेनं आहे. नैर्ऋत्येचा थोडा आडोसा तिथं मिळतो. पण लगेच खूश होऊ नकोस, पश्चिमेकडून ती जागा उघडीच आहे, आणि साळ नदीचा दांडा पावसाळ्यात तिथंच हलतो. मासेमारीच्या होड्यांना आजही त्या तोंडातून ये-जा करताना जीव मुठीत धरावा लागतो. बंदरासाठी काही बांधलं आणि त्यानं तोंड आणखी गाळलं तर त्या होड्या अडकतील. वर्षभराच्या मोजणीनंतर जागा नाकारायची वेळ आली तर तेही उत्तरच आहे. आराखड्याच्या शेवटी एक पान त्यासाठी ठेव: कुठले आकडे आले तर ही जागा सोडून द्यायची. गाळ इतक्याहून जास्त, आतली लाट इतक्याहून जास्त, मोबोरची धूप इतक्याहून जास्त. हे आकडे मोजणी सुरू होण्याआधी लिहायचे, मागाहून नाही. मागाहून लिहिले की माणूस जागेच्या प्रेमात पडून मर्यादा सैल करतो.

जानेवारीसाठी: पहाटे लवकर निघ, दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि होडी डुलली की रेघ बिघडते. अकराच्या आत बाहेरचं काम संपव. एक जण पूर्ण वेळ जेटीवर भरतीच्या पट्टीपाशी बसव, दर दहा मिनिटांनी आकडा आणि वेळ, घड्याळ होडीतल्या जीपीएसशी जुळवलेलं. जाळी कुठे टाकली आहेत ते आदल्या संध्याकाळी बेतुलच्या लोकांना विचार आणि त्यांच्यातलाच एक जण होडीवर घे, त्याची मजुरी दे. रेघ जाळ्यावरून जात असेल तर रेघ सोड, जाळं तोडू नकोस. तळाची माती घ्यायला लहान ग्रॅब मिळतो, प्रत्येक रेघेवर दोन-तीन ठिकाणी घे आणि डब्यावर जागा लिही. वाळू, गाळ आणि शिंपल्यांचा चुरा यांचं प्रमाण काढलंस की दांडा कशाचा बनलाय ते कळेल.

किनाऱ्यावर मोबोरच्या टोकाला चार-पाच जागी पक्क्या खुणा करून वाळूचा उतार लेव्हलनं घेऊन ठेव. तुझी परीक्षा एप्रिलमध्ये संपेल, पण तुमच्यामागून येणाऱ्या वर्गातल्या कोणीतरी त्याच खुणांवर सप्टेंबरात पुन्हा लेव्हल घेतली तर गुरुजींना दोन ऋतू मिळतील. त्यांना आत्ताच विचारून ठेव. पट्टीचा शून्य जेटीवरच्या पक्क्या खुणेशी लेव्हल करून जोड आणि ती उंची वहीत दोघांनी वेगवेगळी वाचून लिहा. बार चेकचा कागदही मला पाठव, पहिल्या दिवशीचाच.